जांभळी बोटं

सुलेखाची बोटं कायम जांभळी असायची, कितीही धुतली तरी. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये शेजारचा उंच मुलगा त्या बोटांकडेच टक लावून बघत होता... आणि बघताना पकडला गेला.

"अशी मेंदी कधी बघितली नव्हती," तो ओशाळून म्हणाला.

"प्रयोगशाळेतली आहे. लावून देऊ?"

तो पळाला नाही. उलट खुर्ची ओढून बसला. सम्यक नाव, रसायनशास्त्रात संशोधन. नवी संयुगं बनवायचा आणि ती जंतूंवर तपासणारं कुणीतरी शोधत होता. सुलेखा जंतूंवरच काम करायची, आणि तिचे जंतू तर महाहट्टी. औषधांना दाद देत नसत, वर स्वतःभोवती चिकट थर विणून आत खुशाल बसत. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांत ती जंतू आणि औषध सोडायची, दुसऱ्या दिवशी धुऊन जांभळा रंग घालायची. थर असेल तिथं रंग टिकायचा, नसेल तिथं खळगा कोरा.

सम्यकचे वडील कचरू वाळूजला कारखान्यात कामाला. अपघातानंतर त्यांच्या पायात सळई बसवली होती, तिच्यावर असाच थर धरला होता आणि जखम भरत नव्हती. आपलं औषध त्यांच्यापर्यंत पोचायला वर्षं लागतील, हे सम्यकला ठाऊक होतं. तरी हे सांगताना तो कपातच बघत राहिला. त्या दिवशी सुलेखाला तो आवडला, अगदी मनापासून.

मग तो काही ना काही निमित्तानं तिच्या दाराशी उभा राहू लागला. एकदा त्याच्या औषधाची अख्खी प्लेट कोरी निघाली. सम्यकनं तिथूनच वडिलांना फोन लावला. सुलेखाही हसत होती... तोच तिची नजर शेवटच्या रांगेवर गेली. त्या रांगेत औषध नव्हतंच. ती गडद जांभळी हवी होती आणि तीही कोरी होती.

प्लेट पाण्यात अलगद बुडवून धुवायची असते. सम्यकच्या गप्पांच्या नादात तिनं ती सरळ नळाखाली धरली होती. थर औषधानं नाही, नळाच्या धारेनं गेला होता. ती गप्प राहिली असती तर त्याला कळलंही नसतं. तिनं फोन संपू दिला आणि सगळं सांगून टाकलं. सम्यकनं फोन खिशात टाकला आणि तो निघून गेला.

तिनं पुन्हा प्लेट लावली, या वेळी नजर फक्त प्लेटवर. दुसऱ्या दिवशी तिचा रंग तपासून होत होता तेवढ्यात सम्यक दारात आला.

"शेवटची रांग गडद आहे," ती हळूच म्हणाली. "तुझ्या औषधाच्या रांगा फिकट. थर निम्मा कमी झालाय... निम्माच."

"बाबांना परत फोन केला," तो म्हणाला. "सांगितलं, औषध अजून नाय."

"रागावले?"

"नाय. म्हणले, चूक कुणी पकडली? म्हणलं, जिच्या हातून झाली तिनंच. तर म्हणले, असं माणूस सोडू नको." तो थांबला. "मी तसाही सोडणार नव्हतो, सुलेखा. लई आवडतेस तू मला."

सुलेखाचे डोळे भरून आले. तिनं हात पुढं केला... आणि अर्ध्यावरच थांबली.

"रंग ओला आहे. लागेल तुला."

"लागू दे," म्हणत त्यानं तिचा हात हातात घेतला.