कोट्यातला मुलगा

व्हरांड्याच्या वळणावरून आधी बांबू आला आणि बऱ्याच वेळाने बांबू धरणारा आला. मधल्या काळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवडाभर खपून तिने पुठ्ठ्याचं एक वाचनालय केलं होतं. त्याला खांब होते, जिने होते, खिडक्यांना काचेसारखा कागद होता. आता त्याच्या छपरातून बांबूचं टोक थेट वाचकांच्या खोलीत उतरलं होतं.

ती मॉडेल हातात घेऊन जागच्या जागी थिजली.

"हलू नकोस," तो म्हणाला. "मी हळूच मागे घेतो."

"मागे घेण्यासारखं काही उरलंय?"

"छप्पर गेलंय फक्त… भिंती शाबूत आहेत."

"वा. मग पावसात भिजत वाचतील लोक. दुपारी दाखवायचंय हे."

त्याला हसू आलं आणि ते येताक्षणी त्याने गिळलं, हे तिला दिसलं. उंच होता. बाहेरच्या रिमझिमीत केस ओले झालेले, गुडघा खरचटलेला, आणि चेहऱ्यावर एखादं भांडं फोडलेल्या मुलासारखा भाव.

"आणि हा बांबू नाही," तो ओशाळून म्हणाला. "फायबरचा पोल आहे, बांबूउडीचा. बांबू मला म्हणतात."

नाव ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. आर्किटेक्चर कॉलेजात बांबू कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं, पाहिलं मात्र थोड्यांनीच होतं, कारण तो वर्गापेक्षा मैदानावर जास्त असायचा. खेळाडूंच्या कोट्यातून आलेला, तिसऱ्या वर्षाचा मुलगा. ती दुसऱ्या वर्षाला होती. खरं तर तीही तिसऱ्याच वर्षाला असायला हवी होती.

पण बोलायला वेळ नव्हता. दोघं मॉडेल घेऊन वर्गात गेली आणि तिने नवं छप्पर कापायला घेतलं. त्याला एक तुकडा दिला, तर तो असा कापला की त्याला कुठलीच बाजू सरळ म्हणता येईना. तिने मुकाट्याने कटर काढून घेतला.

"म्हणून तुला सगळे कात्री म्हणतात का?"

"ते जिभेमुळे म्हणतात."

"हं… अनुभव आलाच."

एक काम मात्र त्याला फार सुरेख जमलं. डिंक वाळेपर्यंत छप्पर दोन बोटांनी धरून ठेवायचं होतं. त्याने ते धरलं आणि तो केसभरही हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता. तिने त्या बोटांकडे पाहिलं, मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, आणि मनात होतं ते बोलून टाकलं.

"तू आलास त्या वर्षी वेटिंग लिस्टवर पहिलं नाव माझं होतं."

"मग?"

"मग काय? यादी तिथेच अडली. एक जागा खेळाडूसाठी राखली होती. माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्कांचा एक मुलगा त्या जागेवर आला. मी वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा दिली. आईची बालवाडी आहे, तिथे पोरांची नाकं पुसली. बरोबरच्या मुली इथून फोटो पाठवायच्या."

छप्पर तसंच धरलेलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझी जागा मी…"

"जागा मिळाली मला. वर्ष गेलं."

त्याने सॉरी म्हटलं असतं तर ती आणखी चिडली असती. तो तसं म्हणाला नाही. मान खाली घालून डिंकाकडे पाहत राहिला, आणि हेच तिला घरी जाईपर्यंत छळत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात सूचना लागली. खेळाडूंची जागा ठेवायची की सगळ्यांना एकच कट-ऑफ लावायचा, याचा संचालक मंडळ निकाल लावणार होतं, आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या एकेका विद्यार्थ्याचं ऐकून घेणार होतं. वर्गाने एकमुखाने तिला पुढे केलं. खेळाडूंनी कुणाला पुढे केलं, ते तिला विचारावं लागलं नाही.

"शत्रूची माहिती काढायला हवी," असं स्वतःला बजावून ती दुपारी मैदानावर गेली.

शत्रू धावत होता. खांद्याशी पोल, नजर समोर. मग पोलचं टोक खाचेत बसलं, पोल धनुष्यासारखा वाकला आणि तो वर गेला… पाय आधी, मग सगळं अंग, उलटा, अगदी निवांत, जणू वर कुणी खिडकी उघडून त्याला आत घेत होतं. तेवढ्यात त्याचा दंड आडव्या पट्टीला लागला आणि तो पट्टीसकट गादीवर येऊन पडला. तो उठला, पट्टी लावली आणि पुन्हा मागे चालत गेला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. प्रशिक्षक सर एका खुर्चीवर बसून "कोपर" एवढंच म्हणत होते.

"रोज एवढ्या वेळा पडतोस?" तिने विचारलं.

"आज तू आलीस म्हणून जरा जास्त."

"माझा काय संबंध?"

"लक्ष पट्टीवर हवं असतं ना…"

तिने बॅगेचा पट्टा उगाच दोनदा सारखा केला.

मग रोजचंच झालं. ती माहिती काढायला जायची आणि माहिती काही संपेना. सराव आटोपला की दोघं कॅन्टीनमध्ये बसत, कारण तो स्ट्रक्चर्समध्ये दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा बसायचा होता. तुळईवर भार पडला की ती कुठे वाकते, हे त्याला आकृतीवरून कळेना. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अरे, तुझा पोल कुठे वाकतो?" त्याने डोळे मिटले, हात हवेत धरले, आणि अचूक उत्तर दिलं. त्यानंतर सगळ्या तुळयांचे पोल झाले आणि अभ्यास सुरळीत चालू लागला.

"हे मला आधीच कुणी असं सांगितलं असतं तर…"

"तर मला इथे बसावं लागलं नसतं."

"मग बरं झालं नाही सांगितलं ते."

असं काही तो सहज, पेन चावत बोलून जायचा आणि पुढचं गणित करायला घ्यायचा. तिचं मात्र गणित चुकायचं.

घरी आईच्या डोळ्यांतून काही सुटत नव्हतं. बालवाडीतल्या पोरांच्या मुठीत काय आहे ते न उघडता ओळखणारी बाई ती. "माहिती काढायला कानात डूल लागतात का गं?" एवढंच म्हणाली आणि पोळपाट धुवायला गेली.

सगळं छान चाललं होतं. सभेच्या दोन दिवस आधी मात्र माशी शिंकली. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला घेरलं. "कात्रीची धार गेली वाटतं? आमच्या बाजूने बोलणार की बांबूच्या?" एकीने तर तिच्या चालीची नक्कल करून दाखवली, मैदानाकडे जाताना झपाझप होते ती. सगळ्या खिदळल्या. तिचे कान तापले.

"काहीतरीच काय," ती तोडून म्हणाली. "बुद्धी असती तर त्याने बांबू कशाला उचलला असता?"

हशा झाला… आणि मधेच विरला. तो दारात उभा होता. हातात तिचीच छत्री, कॅन्टीनमध्ये विसरलेली. त्याने ती बाकाजवळ ठेवली, घसरून पडू नये म्हणून नीट भिंतीला टेकवली, आणि निघून गेला.

त्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये आला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर होता, पण ती कुंपणाशी दिसताच पट्टी लावण्यात गढून गेला. ती कुंपणापासूनच मागे फिरली. घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" तर म्हणाली, "उद्या बोलायचंय ना." आणि आईने प्रथमच तिला चिडवलं नाही.

सभा मोठ्या हॉलमध्ये होती. एका बाजूला तिचा वर्ग, दुसऱ्या बाजूला खेळाडू, समोर संचालक मंडळ आणि प्राचार्य. आधी तो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट त्याला परका वाटत होता.

"खेळाडूंची जागा राहावी असं सांगायला मला पाठवलंय," तो म्हणाला. "ती राहावीच. पण किती कमी मार्कांना घ्यायचं, याला तळ हवा. मी आलो तेव्हा वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही. दोनदा नापास झालो. पदक आणलं तेव्हा हार घातले, नापास झालो तेव्हा का, असं कुणी विचारलं नाही. आत घेता, तर शिकवाही. कोट्यातला म्हणून कुणी हसतं, तेव्हा वाईट वाटतं… आणि त्यातलं थोडं खरं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं."

खेळाडूंमध्ये कुजबूज झाली. तो खाली बसला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

तिने तयार केलेलं भाषण हातातच राहिलं.

"मी एकच कट-ऑफ मागायला आले होते," ती म्हणाली. "माझं एक वर्ष गेलंय, मला राग येणारच. पण तो मी चुकीच्या माणसावर काढत होते. एकाला आत घेण्यासाठी दुसरीला बाहेर ठेवायचं, ही सोय त्याने केलेली नाही. खेळाडूंची जागा द्या, पण यादीतली कापून नका देऊ. वाढीव द्या. आणि मार्कांचं म्हणाल तर… माझी परीक्षा बंद खोलीत झाली. चुकले ते खोडरबराने खोडलं. हे लोक सगळ्यांदेखत पडतात आणि उठून पुन्हा तिथेच जातात. ते गुणपत्रिकेत बसत नाही, म्हणून ती बुद्धी नव्हे, असं म्हणणाऱ्या माणसालाच थोडी कमी असावी. मी स्वतःबद्दल बोलतेय."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही दोघांनी बाजूंची अदलाबदल केलीत की काय?" ते म्हणाले, आणि सारा हॉल हसला. तिचा वर्गसुद्धा.

बाहेर जिन्यावर तो एकटा उभा होता. पाऊस उघडला होता, पण पागोळ्या गळत होत्या. ती एक पायरी वर थांबली. तिथून त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत येत होते.

"परवाचं माझं वाक्य…"

"कुठलं? तुझी बरीच असतात."

"ते. बांबू उचलण्याचं."

"आत सांगितलंस की. सगळ्यांसमोर."

"अर्धंच सांगितलं." तिने कठडा धरला. ओला आणि गार होता. "त्या मुली चिडवत होत्या. त्या खरं बोलत होत्या ना… म्हणून मी खोटं बोलले."

पागोळीचा थेंब त्याच्या कॉलरवर पडला, तरी त्याला कळलं नाही.

"काय खरं बोलत होत्या?"

"तुला सगळं दोनदा का सांगावं लागतं रे?"

"सांग ना. दोनदा सांगितलं की मला पक्कं समजतं."

मग तिने सांगितलं. आडवळण न घेता, सावकाश, त्याला समजेल अशा सोप्या शब्दांत… आवडतोस तू मला. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा हात कठड्यावरून सरकत तिच्या हातापाशी येऊन थांबला.

"मी कधीपासून सांगणार होतो," तो हळूच म्हणाला. "पण म्हटलं, आधी स्ट्रक्चर्स पास होऊ दे. हिची अट कडक असेल."

"मग व्हायचं की पास लवकर."

"आता झालोय का?"

"निकाल राखून ठेवलाय," ती म्हणाली. हात मात्र तिने काढून घेतला नाही.

संचालक मंडळाचा निर्णय आठवड्याने आला. खेळाडूंसाठी यादीबाहेरची एक जागा वाढवली होती, किमान मार्कांची अट घातली होती, आणि मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास ठेवले होते. ती धावतच घरी आली. आई बालवाडीचे ठोकळे डब्यात भरत होती.

"आई, जागा वाढवली."

"कुठे?" आईने वर न पाहता विचारलं. "कॉलेजात, की आपल्या घरात?"

ती दारातच उभी राहिली, आणि कात्रीला त्या दिवशी आईपुढे काही म्हणजे काही सुचलं नाही.