बारावा फोटो

पुसलेल्या फायली परत काढणं हा माझा धंदा. त्या रविवारी सकाळी ताईकडे गेलो तोही त्याच कामासाठी. तिचा जुना कॉम्प्युटर तेरा वर्षांचा, चालू होताना दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. झाकण गंजून बसलेलं, म्हणून ताईने हातोडी आणून दिली.

भावोजींनी केलेल्या मारहाणीचे अकरा फोटो तिने त्यात लपवले होते. घर सोडताना त्यांनी ते पुसले. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती. फोटो मिळाले नाहीत, तर पाच वर्षांची भाची बापाकडे जाणार होती. ती तेव्हा शेजाऱ्यांकडे खेळत होती. भावोजी तिला दुपारी फिरायला न्यायला येणार होते.

परत मिळालेला फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उमटतो. अर्धवट फोटोवर विश्वास ठेवू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एकेक फोटो येत गेला. फाटलेला ओठ. सुजून मिटलेला डोळा. पाठीवर इस्त्रीचा त्रिकोणी डाग, कडेला कातडी सोललेली. ताई शांतपणे तारखा सांगत होती. मला मात्र भडभडून आलं. इतकी वर्षं मी लोकांच्या मरू घातलेल्या डिस्कांचे प्राण वाचवत बसलो होतो आणि सख्खी बहीण मार खात होती.

अकरा झाले. मग बारावा उमटू लागला.

"अकराच होते रे..." ताई पुटपुटली.

हीच खोली. हाच पंखा, हीच आज सकाळी ताईने बदललेली चादर. पंख्याखाली उगारलेला हात, निळी बाही, मुठीत हातोडी. पाठमोरा माणूस. खालचा अर्धा फोटो अजून काळाच. खोलीत गरम तारेचा वास सुटला होता.

दार वाजलं. ताईने उघडलं. दारात भावोजी, निळ्या शर्टात.

त्यांनी ताईला बाजूला सारायला हात पुढे केला. मला तेवढंच पुरलं. मी हातोडी उचलली. पहिला घाव कानशिलावर बसला. ओल्या लाकडासारखा आवाज आला. ते चादरीला धरून खाली बसले, काहीतरी सांगू लागले. दुसऱ्या घावाने जबडा निखळला. तिसरा, चौथा... मग मोजले नाहीत. भिंतीवर, पडद्यावर, माझ्या तोंडात रक्त.

"बस कर," ताई म्हणाली. "तो बघ... पूर्ण झाला."

फोटोत खाली चादर ओढून भावोजी पडले होते. आणि निळी बाही माझी होती. माझाही शर्ट निळाच होता, पण स्वतःचा हात मागून कोण ओळखतो? त्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. पोलिसांनी तो शोधायला सगळं घर उचकटलं.

मला जन्मठेप लागली. भाची ताईकडे राहिली, म्हणून मी कधी पस्तावलो नाही.

गेल्या महिन्यात ताई भेटायला आली. पोलिसांनी कॉम्प्युटर परत दिला, म्हणाली. वायर काढून ठेवलाय, तरी तेरावा उमटतोय. अर्धा आलाय. भाचीची वेणी कुणाच्या तरी मुठीत आहे.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"मनगटावर माझं घड्याळ आहे रे... म्हणून मी घालणंच सोडलंय."

तिच्या मनगटावर पट्ट्याची फिकी खूण होती. पोरीला का आणलं नाहीस, म्हणून विचारलं. शाळेत गेलीय, म्हणाली.

तो रविवार होता.