आडवे शब्द विल्फ्रेडचे

हेस्टर ओल्डरॉइड शेजारच्या मेव्हिसकडे निघाली ती फक्त शब्दकोश परत आणायला. कुणी जन्मात ऐकले नसतील अशा शब्दांनी भरलेला विल्फ्रेडचा तो जाडजूड कोश मेव्हिसने भाच्यासाठी म्हणून नेला होता. आता विल्फ्रेडला तो हवा होता, असं हेस्टरचं ठाम मत होतं.

विल्फ्रेड वसंतात वारला होता. म्हणजे, तसं सगळ्यांना वाटत होतं.

पेपरातल्या शब्दकोड्याचा त्यांच्या घरात लग्नापासूनचा नियम होता. आडवे शब्द त्याचे, हिरव्या शाईत. उभे तिचे, पेन्सिलीने. एकमेकांना विचारायचं नाही. दफनानंतर पहिल्यांदाच तिने कोडं उघडून टेबलावर ठेवलं, किटली चढवायला वळली आणि मागे बघते तर आडवे शब्द भरलेले! हिरवी शाई ओली, आणि स्वयंपाकघरात पाइपच्या तंबाखूचा वास. घाबरायला हवं होतं खरं. पण हेस्टरच्या मनात आधी हेच आलं, की मेला मरूनही माझ्याआधी सोडवून मोकळा!

तिने कुणाला सांगितलं नाही. पाद्रीबाबा केक घेऊन समजूत घालायला आले असते.

हल्ली मात्र कोड्यातली काही आडवी घरं रिकामी राहू लागली होती. तीही सोपी, अक्षरं उलटसुलट करून शेंबड्या पोरानेही सोडवावीत अशी. रोज थोडी जास्त. तो विसरत चाललाय, पुसट होत चाललाय, या विचाराने तिची झोप उडाली होती. एकदा पुरलं होतं त्याला, पुन्हा कसं पुरायचं? कोश शेजारी ठेवला तर कदाचित टिकेल.

धुकं इतकं होतं की मधलं कुंपणही दिसत नव्हतं. मागचं दार नेहमीसारखं उघडंच. मेव्हिस पाठमोरी बशा विसळत होती. आणि टेबलावर आजचा पेपर. आडवे शब्द हिरव्या शाईत. उभे पेन्सिलीने, सरावलेल्या हाताचे.

ही तीच मेव्हिस, जी म्हणायची, "कोडी? अगं, मला वाणसामानाची यादी धड लिहिता येत नाही!"

"हे कुणी सोडवलं गं?"

मेव्हिस दचकली. "भाचा आला होता ना..."

"मेव्हिस. शाई ओली आहे."

नळ बंद झाला. वास हेस्टरला आत्ता जाणवला. तोच तंबाखू.

"रोज येतो?"

"सकाळी... तुझ्याकडून निघाला की."

"तो गेल्यापासून?"

मेव्हिस कोरडी बशी पुसत राहिली. "आधीपासून, हेस्टर. कुत्र्याला फिरवायला निघायचा ना..."

कुत्रा मरूनही जमाना झाला होता. विल्फ्रेडचं फिरणं मात्र कधी चुकलं नव्हतं.

"'ऑर्केस्ट्रा'ची इंग्रजी अक्षरं विस्कटून पुन्हा जोडली की 'कार्टहॉर्स', गाडा ओढणारा घोडा निघतो," हेस्टर हळूच म्हणाली. "तुला सांगितलं होतं त्याने हे?"

"...कानात."

हेस्टर खुर्चीत बसली. त्या घोड्यावर भाळून तिने लग्नाला होकार दिला होता.

"तुझ्यावर चिडायलाही अंगात जोर नाही बघ," ती म्हणाली. "चहा तरी टाक."

"चहा टाकते, पण आधी हे बघ." मेव्हिसने पेपर पुढे सरकवला. "माझ्याकडे घरं रिकामी राहतात हल्ली. मला वाटलं, तूच धरून ठेवतेस त्याला."

हेस्टरने घरून आपला पेपर आणला. दोन्ही शेजारी ठेवले. इथे जे रिकामं, तेच तिथेही रिकामं.

"मग उरलेले..." मेव्हिस पुटपुटली, "कुठे सोडवतोय तो?"

दुसऱ्या दिवशी दोघी हेस्टरच्या टेबलापाशी बसल्या. मध्ये कोरं कोडं. नजर हलवायची नाही, असं ठरलं होतं. किटली शिट्टी मारू लागली तशी दोघींनी मान वळवली, फक्त गॅसकडे.

परत बघतात तर एकही आडवं घर रिकामं नव्हतं.

उभेही भरले होते. जांभळ्या शाईत, उंच, तिरप्या, बायकी अक्षरात.

"हे माझं नाही... शप्पथ," मेव्हिस म्हणाली.

"माहीत आहे." आज तंबाखूचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता.

"हेस्टर... त्याच्या शेजारी कुणाला पुरलंय गं?"

"कुणालाच नाही. ती जागा मी घेऊन ठेवलीय... माझ्यासाठी."

कोपऱ्यातलं एक उभं घर तेवढं कोरं राहिलं होतं. दोघी बघत असतानाच त्यात त्या तिसरीची जांभळी रेघ सावकाश खाली उतरू लागली.