खंडेनवमीला मशीन झोपलेलं असतंय

पटत नसेल तर पुढं वाचू नका. पण हे घडलंय. कसबा बावड्यात, माझ्या मावशीच्या घरी, गेल्या खंडेनवमीला.

आणि रात्री-बित्री नाही हं... लख्ख दुपारी साडेतीनला!

संयोगिता माझी मावसबहीण. दहावीत आहे. बाकीच्या पोरी मेहंदी शिकतात, हिला धातू कापायचा होता! म्हणून गणपतमामांनी कागलच्या आपल्या वर्कशॉपमधलं छोटं मिलिंग मशीन तिला आणून दिलं. टेबलावर मावेल एवढंच. वर गरगर फिरणारं कटर, खाली धातू पकडायचा व्हाइस, सरकवायला हँडल.

"घे पोरी. धूळ खात पडलेलं."

कटरसमोरचं कव्हर मात्र नव्हतं.

संयोगिता व्हिडिओ बघून शिकली. केस घट्ट बांधायचे, डोळ्याला चष्मा लावायचा, हातमोजे अजिबात घालायचे नाहीत... कटर ते ओढून घेतं. जाड प्लॅस्टिक कापून पठ्ठीनं कव्हरसुद्धा स्वतःच बसवलं. तीन कटर मोडली. चौथ्यानं ॲल्युमिनियमवर अशी सरळ खाच पाडली की बाईसाहेब घरामागच्या शेडमध्ये नाचल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली...

धातूचा सगळा कीस झाडून कोपऱ्यात ढीग केलेला. ढिगावर ब्रश आडवा ठेवलेला.

"आई, तू झाडलंस?"

मावशी दारातच थबकली. ती पूर्वी मामांच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंग बघायची.

"असा ब्रश... आकाराम ठेवायचा."

आकाराम हा मामांचा कामगार. सहा वर्षांपूर्वी ह्याच मशीनवर त्याची चार बोटं गेली. जखम चिघळली आणि महिन्याभरात तो गेला. दारू पिऊन हात घातला, असं मामांनी गावभर सांगितलेलं.

"खोटं हाय ते," मावशी हळूच म्हणाली. "सुपारीलासुद्धा शिवत न्हवता बिचारा. दवाखान्यात एकसारखा ओरडत हुता, 'मी प्यालेलो न्हाय!' कुणी ऐकलं न्हाय."

"मग तू का नाही बोललीस?"

"भाऊ हाय माझा."

त्यानंतर रोज सकाळी तो ढीग. रोज तो ब्रश. संयोगिताला कधी साधं खरचटलंही नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं यंत्रं पुजतात, चालवत नाहीत. संयोगितानं मशीन पुसलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि प्लग काढून ठेवला.

जेवायला आलेले मामा शेडमध्ये शिरले. मागोमाग मावशी.

"चालू कर की! बघू तर काय शिकलीस."

"मामा, आज न्हाय. आज मशीन झोपलेलं असतंय." मामा हट्टानं चालू करतील म्हणून तिनं प्लग मुठीत घट्ट धरला.

मामा खो खो हसले. "आकारामबी हेच म्हणालेला! आसाच सण हुता. म्हटलं, अर्जंट ऑर्डर हाय, चालव न्हायतर घरी बस. काम भराभर व्हावं म्हणून कव्हर मीच काढलेलं. गेली बोटं. मग काय... प्यालेला म्हणून सांगून टाकलं. विषय मिटला."

पंखा फिरत होता...

पण त्याचा आवाज बंद झाला होता.

"मामा, हे सगळ्यांसमोर सांगा. आत्ताच्या आत्ता!" संयोगिताचा आवाज चढला.

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय गं?"

मामांनी तिचं कव्हर सटकन उपसलं. माळ बाजूला सारली. "धार तरी हाय का बघू..." म्हणत कटरवर बोटं ठेवली.

कोपऱ्यातल्या ढिगावरचा ब्रश आपोआप खाली पडला.

प्लग संयोगिताच्या मुठीत होता.

आणि कटर फिरलं...

चार बोटं. बरोब्बर चार.

रिक्षानं राजारामपुरीतला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नाक दाबलं. "किती पाजलीय ह्यांना?"

मामा जन्मात दारूला शिवलेले नाहीत. पण वास येत होता. रिक्षावाल्याला आला, संयोगितालाही आला.

"मी प्यालेलो न्हाय!" मामा किंचाळत होते. "मी प्यालेलो न्हाय!"

नर्सनं मावशीला विचारलं, "खरं सांगा, घेतात का हे?"

मावशी खाली बघत राहिली. काहीच बोलली नाही.

परत.

संध्याकाळी संयोगिता धीर करून शेड धुवायला गेली. रक्ताचा एक थेंबसुद्धा नव्हता. कव्हर जागच्या जागी बसवलेलं. कुंकू ओलं...

आता सगळं गाव मामांना 'बेवडा मामा' म्हणतं. संयोगिता अजून त्याच मशीनवर काम करते. कीस सकाळी तसाच पसरलेला सापडतो. आम्हाला वाटलं, आकाराम शांत झाला.

पण काल तिचा फोन आला.

गेले तीन दिवस सकाळी ब्रश शेडमध्ये सापडतच नाही.

तो मावशीच्या उशाशी असतो. आडवा.

आणि खंडेनवमी परत जवळ आलीय...