इंझोरीतली सुरत

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता आणि डोक्यावर छत्री धरून होता. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता! पण छत्री मिटायची तर हातातली पिशवी खाली ठेवावी लागली असती, आणि खाली सगळीकडे काळा चिखल. मी नदीवरून घागर घेऊन येत होते. मला हसू आवरेना.

"बाई, मारोतरावाचं घर कोनतं?"

काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, वर छत्री. मला वाटलं, हा नक्की सरकारी माणूस, वावर मोजायला आलेला. अशा माणसाला सरळ रस्ता सांगायचा नाही, एवढं शहाणपण आमच्या घरात सगळ्यांना होतं. मारोतराव म्हणजे माझे बाबा. आणि आमचं घर त्याच्या पाठीमागेच होतं, दहा पावलांवर.

"लय दूर हाये," मी म्हणाले. "या माह्या मागं."

मी त्याला सगळी इंझोरी फिरवली. चावडी दाखवली, मारोतीचा पार दाखवला, कोंडवाडा दाखवला, गावाबाहेरच्या गोवऱ्यांच्या उडव्याही दाखवल्या. घागरीनं मान मोडत होती, पण जिद्दीला पेटले होते. तो मुकाट्यानं मागं येत होता, मध्येच विचारत होता, "हा पार किती जुना हो?" आणि मी मनाला येईल ते ठोकून देत होते.

शेवटी आमच्या दारात आलो. वहिनी पोट सावरत बाहेर आली आणि ओरडली, "अगं माय! रामधन!"

वहिनीचा सख्खा भाऊ! दादाच्या लग्नाला तो नव्हता, सुरतेला नोकरीवर होता, म्हणून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी घागर घेऊन आत पळाले. मागून त्याचा आवाज आला, "प्रयागताई, तुह्या ननदीनं गाव झकास दाखवलं बरं का. मी निंघालो तिथंच परत आनून सोडलं."

हे चौतीस सालचं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

वहिनीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तो तिला कामरगावला न्यायला आला होता. पण पाऊस जाता जाता असा काही कोसळला होता की रस्त्यात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतत होती. रस्ता वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. रस्ता वाळायला नऊ दिवस लागले. मला अजून वाटतं, ऊन जरा कमी पडलं असतं तर काय बिघडलं असतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन निघाले तर हा दारात दातण करत उभा.

"चला गोजराबाई, आता माह्यी पाळी. सुरत पाह्यले चला."

"इथं? इंझोरीत?"

"सुरत कुठंबी दिसते. दाखवनारा पायजे."

तो तिथं कापसाच्या एका पेढीवर होता. वऱ्हाडातून कुणी व्यापारी, पाहुणा गेला की त्याला पायी शहर हिंडवून दाखवायचं, हे त्याचंच काम. त्यामुळे बोलणं असं सराईत की ऐकत राहावं. चावडीपाशी आल्यावर त्यानं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला. हा सुरतचा किल्ला. तापीच्या काठावर हाये. आत तोफा हायेत तोफा."

आत कोतवाल पडल्या पडल्या घोरत होता.

"आयकल्या?" तो म्हणाला.

मला इतकं हसू आलं की घागर कमरेवरून घसरली. मारोतीचा पार म्हणजे घंटाघर. गोवऱ्यांच्या उडव्या म्हणजे सुरतेतली गोऱ्या व्यापाऱ्यांची कबरस्तानं. "मेल्यावरबी मोठेपना सोडला नाई," तो सांगायचा, "एकेक कबर देवळाएवढी, वर घुमट. आन् त्याच्यावर आता पारवे राह्यतात." आणि आमच्या नदीवर उतरायच्या दगडी पायऱ्या म्हणजे ओवारा. सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात, हे मी असं शिकले.

"अन् समुद्र?" मी विचारलं.

"समुद्र ओवाऱ्यावरून नाई दिसत. त्याच्यासाठी मचव्यात बसून पुढं जा लागते."

"मंग न्या ना."

हे मी सहज म्हणाले होते. खरंच सहज... पण तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी उगाच घागरीचा काठ पुसत बसले.

रोज तोच रस्ता. पण रोज नवीन काहीतरी निघायचं. वहिनीच्या भावाशी थट्टामस्करी चालते, म्हणून कुणी डोळे वटारले नाहीत. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकाही विचारायच्या, "काय हो पाव्हणे, आज कुठवर आली सुरत?"

पाचव्या दिवशी खालून तिसऱ्या पायरीवर माझा पाय सटकला. शेवाळ होतं. घागर हातातून सुटली आणि खडखड वाजत पाण्यात गेली. मी मात्र गेले नाही. माझं मनगट त्याच्या हातात होतं.

"घागर गेली," मी म्हणाले.

"जाऊ दे."

"आई बोलंल."

"बोलू दे."

हात काही त्यानं सोडला नाही. आणि मी तरी कुठं सोडवून घेतला? पाण्याचा वास येत होता, त्याच्या कोटाला कापसाचा वास येत होता. एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सुरत दाखवताना तो तिसऱ्या पायरीवर मुद्दाम थांबला. "इथं सावकाश. ही गोजराची पायरी. सुरतेतलं सगळ्यात धोक्याचं ठिकान."

"काहून धोक्याचं?"

"इथं मानूस पडते."

"मी कुठं पडली?"

"तुमच्याबद्दल कोन बोलून राह्यलं?" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या दिवशी मला कळलं. प्रेम बीम असले शब्द आमच्याकडे तेव्हा कुणी तोंडात घेत नव्हतं. पण मला तो हवा होता. त्याच्याबरोबर खरं घंटाघर पाहायचं होतं, खरा किल्ला पाहायचा होता आणि मचव्यात बसून पुढं जायचं होतं. मनातल्या मनात मी लुगड्यांचं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं!

वहिनीच्या नजरेतून काय सुटणार? तिनं दोघांना वेगवेगळं विचारलं आणि आठव्या दिवशी स्वतःच बाबांसमोर पदर घेऊन उभी राहिली. मी दाराआड होते.

"मामंजी, रामधनसाठी आपल्या गोजराबाईचं... पाहा ना."

बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पोरगा चांगला हाये," ते म्हणाले. "पन माह्या घरात साटंलोटं व्हनार नाई, पोरी."

साटंलोटं म्हणजे ज्या घरची मुलगी सून म्हणून आणली, त्याच घरात आपली मुलगी द्यायची. वऱ्हाडात किती तरी घरं असं करतात. बाबांच्या तरुणपणी आमच्याही घरानं केलं होतं. बाबांची बहीण रुख्मिणी जिथं दिली, तिथलीच मुलगी बाबांना केली होती. पुढं रुख्मिणीआत्याला तिच्या नवऱ्यानं हाकलून दिलं. मग आमच्या वडीलधाऱ्यांनी काय करावं? बाबांच्या बायकोला गाडीत घालून माहेरी पाठवून दिलं. माझी आई ही बाबांची दुसरी बायको, हे मला त्या दिवशी कळलं.

"तिचा काईच गुन्हा नोता," बाबा म्हणाले. "गाडीत बसताना तिनं मले एकदा इचारलं, मी काय केलं? मले सांगता नाई आलं. उद्या गोजरीच्या डोळ्यात तिकडं पानी आलं, तं मी इथं तुह्याकडं कोन्या तोंडानं पाहू? माह्या भाऊबंदाईले कोन आवरंल?"

वहिनी रडायला लागली. बाबाही रडत होते. दोघांचं बरोबर होतं, आणि मी दाराआड उभी होते.

नवव्या दिवशी रस्ता वाळला. दादा बैलांना पाणी दाखवायला गेला, वहिनी आवराआवर करत होती. मी घागर घेऊन निघाले. तो पायऱ्यांवर बसला होता. आज त्यानं किल्ला दाखवला नाही की घंटाघर दाखवलं नाही.

"गोजरा," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'बाई' लावलं नाही. "तू फक्त हो म्हन. ताईले कामरगावले पोचवतो आन् परवा कारंज्याच्या टेसनावर उभा राह्यतो. मूर्तिजापूर, भुसावळ, सुरत. तिथं कोनी साटं बी इचारत नाई आन् लोटं बी."

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. देवाशपथ आलं होतं.

"अन् वयनी?" मी म्हणाले.

त्याची नजर घराकडे वळली.

"मी तुमच्यासंगं पळाली, तं वयनीले ह्या घरात कोन ठेवील? पोटात लेकरू हाये तिच्या. दादा काई बोलनार नाई, बाबा रडतीन, आन् भाऊबंद तिले माहेरीच ठेवतीन. जशी थे पहिली गेली तशी."

तो तिचा भाऊ होता. पाण्याकडे पाहत बसला. मग उठला आणि तिसऱ्या पायरीवरून माझी भरलेली घागर त्यानं वर आणून दिली.

"सांभाळून जा," तो म्हणाला. "समुद्र राह्यला."

"राह्यला," मी म्हणाले.

दुपारी गाडी निघाली. वहिनी मागं वळून वळून हात हलवत होती. तो पुढं बसला होता, पाठमोरा. छत्री मिटून मांडीवर धरली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मला रिसोडला दिलं. नवरा भला माणूस मिळाला. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि हेच कधी कधी फार जड जायचं. वहिनीला मुलगा झाला, मग मुलगी झाली. रामधननं लग्न केलं नाही. वहिनी मला सांगायची नाही, मी विचारायची नाही. कामरगावला तो कधी आला, कधी गेला, मला नंतर कुणाच्या तरी बोलण्यातून कळायचं.

पंचेचाळीस सालच्या दिवाळीला मी माहेरी आले होते. सुरतेहून कार्ड आलं. तीन दिवसांचा ताप आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. वहिनी माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. भाऊ तिचा गेला होता. वहिनीच्या भावासाठी नणंदेनं रडावं तेवढंच मी घरात रडले. बाकीचं नदीवर जाऊन, लुगडी धुता धुता रडले.

पेढीवाल्यांनी लिहिलं होतं, त्याची पेटी घेऊन जा. दादा आणि वहिनी जायला निघाले. वहिनी माझ्याकडे न पाहता दादाला म्हणाली, "गोजराबाईले बी नेऊ संगं." अकरा वर्षांत ती याबद्दल एवढंच बोलली.

पेटीत दोन सदरे, एक कोट आणि तीच छत्री होती. पेढीवरचा म्हातारा रखवालदार आम्हाला म्हणाला, "गाडी शाम को है. चलो, सुरत दिखा देता हूँ. पहले ये काम रामधनभाई करता था, मैं उसी से सीखा."

आम्ही चालू लागलो. किल्ल्यापाशी मी थांबले आणि नकळत कान दिला. आत कुणी घोरत नव्हतं. घंटाघराशी म्हाताऱ्यानं अजून रस्ता दाखवला नव्हता, तोवर मी ओवाऱ्याकडे वळले होते.

दादा म्हणाला, "तुले कसं मालूम इकडं वळाचं?"

वहिनीनं माझा हात धरला.

ओवाऱ्यावर आलो. चांगल्या रुंद पायऱ्या, ऊन पडलेलं, शेवाळाचं नाव नाही. तापीचं पाणी संथ होतं, दोन मचवे लागले होते. आम्ही उतरत होतो. खालून तिसऱ्या पायरीवर म्हाताऱ्यानं एकदम हात आडवा केला.

"संभालके, बहनजी! ये गोजरा की सीढ़ी."

माझा पाय तिथंच अडकला.

"म्हणजे?" दादानं विचारलं.

"क्या मालूम, साहेब." म्हातारा हसला. "रामधनभाई हर मेहमान को इधर रोकता था. बड़े बड़े सेठ आते थे, सबको बोलता, यहाँ धीरे, ये गोजरा की सीढ़ी. अब तो सारे मचवेवाले भी यही बोलते हैं. सूखी सीढ़ी है, कोई फिसलता नहीं. पर होगी कोई बाई... गिर गई होगी बेचारी."

दादा माझ्याकडे पाहायला लागला. पहिल्यांदा नुसता पाहत होता, मग त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली.

मी त्या पायरीवर बसले. दगड उन्हानं कोमट झाला होता. समुद्र खरंच तिथून दिसत नव्हता.

"पडली नाई थे," मी म्हाताऱ्याला म्हणाले. "धरलं होतं तिले."