लाल पट्टीचा पाना

शेगडी जरा इकडे ओढा पोरांनो, आणि हँगरचा दरवाजा लावून घ्या. उद्याच्या विमानांच्या शोसाठी रात्रभर विमानं राखायचीच आहेत, तर ऐका. ही गोष्ट इकडची तिकडची नाही. ज्याच्यावर गुदरली त्या वेंडल मेकॅनिकनं स्वतः मला सांगितली, आणि वेंडल खोटं बोलायचा ते फक्त धरलेल्या माशाच्या लांबीबद्दल.

रात्र कुठली तेही सांगतो. नोव्हेंबरचा पहिला शनिवार. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायची रात्र, म्हणजे दोन वाजले की पुन्हा एक होतो, एकचा तास दोनदा येतो ती.

अकराच्या सुमाराला वेंडलचा फोन वाजला. पलीकडे रॉइस, आपल्या गावच्या कापसाच्या जिनिंग मिलचा मालक. मागे पार्टीचा गोंगाट.

"झोपला होतास का रे?"

"झोपत होतो."

"मी लबक शहरात अडकलोय. थंडीची लाट पहाटेच येतेय म्हणतात. माझी बाई तिकडे कुडकुडत असेल. जा, इंजिनाखाली हीटर लावून ये. उद्या शोमध्ये उडवायचीय तिला."

"दुसरं कुणी नाही का?"

"आहेत की. पण तुझा जीव आहे ना तिच्यावर?" रॉइस हसला. "उद्या पुढच्या रांगेत खुर्ची ठेवतो तुला. बसून बघ."

बसून बघ. वेंडल कितीतरी वेळ अंधारात तसाच पलंगावर बसून राहिला.

ही बाई म्हणजे मस्टँग. युद्धातलं लढाऊ विमान, एकाच माणसाला बसायला जागा. लष्करानं मोडीत काढल्यावर म्हाताऱ्या एमेटनं ते ट्रॅक्टरच्या भावात घेतलं, कोठारात ठेवलं, आणि मरेपर्यंत ना उडवलं ना विकलं. इंजिन जाम होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी नाकावरचा पंखा हातानं थोडा फिरवायचा, मग शेजारी खुर्ची टाकून तंबाखू चघळत बसायचा. कुणीही विचारलं तरी उत्तर एकच. "विकायची नाही. एक दिवस उडवणार आहे मी तिला."

वेंडल दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याच्याकडे जायचा, बायकोच्या हातची पेकनच्या दाण्यांची गोड पाई घेऊन. म्हातारा पाई खायचा आणि तिची पत्र्याची थाळीही ठेवून घ्यायचा. एमेटकडे गेलेली वस्तू परत येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वेंडलच्या बायकोनं, वर्नानं, शेवटी खिळ्यानं थाळ्यांच्या बुडाला आपलं नाव कोरायला सुरुवात केली. म्हातारा नाव वाचायचा, मान डोलवायचा, आणि थाळी आत न्यायचा. पण एका वर्षी म्हणाला, "मी गेलो की हिच्यासाठी पहिली हाक तुला." त्या एका शब्दावर वेंडलनं पुढची सगळी वर्षं काढली.

एमेट गेला. वेंडल शवपेटीला खांदा देत होता, आणि रॉइस झाडाखाली म्हाताऱ्याच्या मुलीशी हळू आवाजात बोलत होता. थडग्यावरची फुलं सुकायच्या आत रॉइसचा चेक तिच्या हातात पडला. मुलीनं घर आणि कोठार पाडून भांडीकुंडी, चिंध्या, सगळं खड्ड्यात पुरून टाकलं. रॉइसनं मस्टँग नवीकोरी करून घेतली. ती जोडायचं काम पगारावर कुणी केलं असेल? वेंडलनंच. कॉकपिटखाली 'रॉइस' हे नाव रंगवलं गेलं तेव्हा शिडी धरायलाही तोच होता. जळायचा तो. सरळ सांगतो, आतून जळायचा. तोंडचा घास गेल्याचं दुःख एक वेळ पचतं. पण तो घास दुसरा मिटक्या मारत खातोय, आणि ताट आपण धरलंय, हे पचत नाही.

धुमसत धुमसत तो हँगरवर पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. हीटर लावला. पंख्याचं एक पातं सरळ खाली होतं. मग शिडी चढून कॉकपिटचं झाकण सरकवलं. नुसतं बसायचं होतं, असं म्हणायचा. बसला. विमान हाकायचा दांडा हातात घेतला. आणि त्याचा दुसरा हात खिशात गेला.

खिशात पाना होता. त्याच्या सगळ्या पान्यांना लाल रंगाची पट्टी असायची, गर्दीत हरवू नयेत म्हणून.

कॉकपिटच्या तळाशी, दांड्याच्या मुळाशी एक फट असते. तिथं एखादी वस्तू अडकली की दांडा मागे येत नाही. दांडा मागे आला नाही की विमान वर येत नाही. हे तुम्हांला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं.

त्यानं पाना तिथं सोडला.

झाकण लावलं. उतरला. दिवा मालवला. पिकअपपाशी आला.

मागून आवाज आला. खट्...

तो थांबला. वारा नव्हता.

खट्...

परत गेला. दरवाजातून टॉर्च मारला. खाली असलेलं पातं आता आडवं होतं. हीटर चालू. माणूस कुणी नाही. टॉर्च वर गेला. त्यानं लावलेलं झाकण... उघडं.

आणि वास. तंबाखूचा.

"एमेट?"

त्यानं एक पाऊल आत टाकलं.

"एमेट, मी..."

आत खुर्ची सरकली. त्या हँगरमध्ये खुर्ची नव्हती.

वेंडल पळाला. पिकअपमध्ये बसून फोन बघितला. एक वाजून दहा. घड्याळ मागे गेलं होतं, तोच तास पुन्हा सुरू झाला होता.

रॉइसला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रात्री भीतीनं, सकाळी मत्सरानं. शेवटी राहवेना म्हणून मैदानाकडे धावला, तर मस्टँग धावपट्टी सोडत होती. त्याच्यासाठी खरंच पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होती. तो उभाच राहिला. रॉइसनं तिला वर नेलं, उलटी केली, जमिनीच्या दिशेनं सोडली. वेंडलनं डोळे मिटले. म्हणाला, "त्या वेळी मला कळलं की मी कोण झालोय." इंजिनाचा आवाज खाली आला... खाली आला... आणि वर गेला.

ती अलगद उतरली. रॉइस हसत बाहेर आला. "बघितलंस?"

"बघितलं. थांब, जरा तपासतो," म्हणून वेंडल कॉकपिटमध्ये शिरला. कोपरान् कोपरा चाचपला. पाना नव्हता.

तो पिकअपकडे गेला. पिकअप कुलपात होती, काचा वर होत्या, किल्ली त्याच्या खिशात.

सीटवर एक पत्र्याची थाळी उपडी ठेवली होती. बुडावर खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, वर्ना. कडेला अजून खड्ड्यातली माती होती.

त्यानं थाळी उचलली. खाली लाल पट्टीचा पाना होता.

पान्यावर तंबाखूची पिंक होती. ओली.