दीड इंचाचा जबडा

डॉक्टर गेला. विमानात खुर्ची एकच होती. खुर्चीवर तो बसला आणि ती मुलगी धावपट्टीच्या कडेला, कपाळावर आडवा हात धरून उभी राहिली. झालं, संपली गोष्ट.

आता हे मी सांगितलंच नाही असं समजू. कोणी कुठे गेलेलं नाही. मंगळवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत, ती हत्यारांच्या दुकानात काउंटरमागे बसून स्क्रू निवडतेय... आणि दारावरची घंटी वाजते.

"रिव्हेट दाबायचं हत्यार हवंय," आत आलेला माणूस म्हणाला. "हातानं दाबायचं. स्क्वीझर."

"कशासाठी?"

"विमानासाठी."

तिनं मान वर केली. या दुकानात लोक कड्याकोयंड्यांसाठी येत. गेल्या महिन्यात एकानं पोपटाच्या पिंजऱ्याला जाळी मागितली होती, तेवढ्यानंच तिला धंदा साहसी वळण घेतोय असं वाटलं होतं.

"खेळण्यातलं विमान?"

"खरं. सुटे भाग पेट्यांतून आलेत, मी जोडतोय. दातांचा डॉक्टर आहे मी."

"मग बरोबर," ती म्हणाली. काय बरोबर ते दोघांनाही कळलं नाही, पण दोघं हसले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचे बाबा बसले होते. दुकान त्यांचंच. दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नव्हती, हत्यारं मात्र सगळी आठवत. मुलगी काउंटरमागे असली की ते ओळखायचे. काउंटरच्या बाहेर पडली की ती गिऱ्हाईक. घरी ताट घेऊन गेली तर अदबीनं विचारायचे, "बोला ताई, काय दाखवू?" पहिल्यांदा ती हसली होती. नंतर तिनं एक जुना काउंटर कापून घेतला, स्वयंपाकघरात बसवला आणि त्याच्यामागून वाढायला लागली. तेव्हापासून बाबा पोटभर जेवत.

तिनं तीन स्क्वीझर मांडले.

"आधी जबडा बघा!" बाबा स्टुलावरून ओरडले.

"मीही पेशंटना हेच सांगतो," डॉक्टर म्हणाला.

मग तिनं नीट समजावलं. दांडे लांब असले की मनगट दुखत नाही. दट्ट्या फिरवून कमीजास्त करता आला पाहिजे, नाहीतर रिव्हेट तिरका बसतो. आणि जबडा जितका खोल, तितकं पत्र्याच्या कडेपासून आत पोचता येतं. तिनं पत्र्याचा तुकडा पुढे सरकवला. त्यानं पहिला रिव्हेट दाबला. हात मोठे, पण दाब असा हलका, जणू पत्रा "आई गं" म्हणेल की काय, अशी भीती!

"घाबरू नका," ती म्हणाली. "याला दुखत नाही."

"हे वाक्य माझं आहे."

दीड इंची जबड्याचा स्क्वीझर त्याच्या हातात छान बसला. "याहून खोल जबडा नाही?"

होता. तीन इंची, खालच्या खणात. त्या सकाळीच तिनं त्याला तेल दिलं होतं. पण खोल जबडा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

"नाही," ती म्हणाली.

"खालच्या खणात..." बाबा म्हणाले.

"ते विकलं, बाबा."

दुकान उघडल्यापासून त्या काउंटरवर बोललेलं हे पहिलं खोटं. आकाश कोसळलं नाही. एक हातोडा मात्र खिळ्यावरून पडला.

पुढच्या मंगळवारी तो परत आला. "दुसऱ्या रांगेला पोचत नाही हा."

"मग?"

"मग दोघं लागतात. एकानं बाहेरून रिव्हेट गन चालवायची, दुसऱ्यानं आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. शेपटीच्या आत शिरून. कंपाउंडरला विचारलं, तर त्याला बंद जागेची भीती वाटते."

"मला नाही वाटत."

"मी कुठे तुम्हाला विचारलं?"

"विचारणार होतात."

"...हो."

रविवारी दुपारी बाबा झोपले की शेजारच्या काकू येऊन बसत आणि ती डॉक्टरच्या शेडवर जाई. पंखांचं काम कारखान्यातूनच होऊन आलं होतं, शेपटी तेवढी त्याच्या वाट्याला होती. पहिल्याच दिवशी तिनं आत डोकावून पाहिलं.

"खुर्ची एकच?"

"मागवलं तेव्हा एकटाच होतो."

"आणि आता?"

"आता कारखाना बदलून देत नाही."

शेपटीत आडवं पडलं की नुसता गरम पत्र्याचा वास आणि भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या काड्या. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ठोकळ्यानं खुणा ठरल्या. एकदा टक म्हणजे अजून मारा. दोनदा, झाला. तीनदा, बिघडला, ड्रिलनं काढा.

दोन रिव्हेटांमध्ये मात्र बोलणं चाले. मध्ये पत्रा असला की माणूस खरं बोलतो.

"कुठे जाणार हे घेऊन?" तिनं आतून विचारलं.

"बेटावर. माझं घर तिथलं. तिथे दातांचा डॉक्टर नाही. बोट आठवड्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर." बाहेर गन खाली ठेवल्याचा आवाज आला. "वडिलांची दाढ सुजली होती. बोट नऊ दिवस आली नाही. लोकांना सांगितलं तर हसतात हो... दाढेनं कोणी मरतं का?"

ती हसली नाही. तिनं ठोकळा पत्र्याला टेकवला. बाहेर, नेमक्या त्याच जागी, त्याचा तळहात टेकला. मध्ये पत्रा, कागदापेक्षा जरा जाड.

असे चौदा रविवार गेले. एकदा तो म्हणाला, "काकू दुकान सांभाळतील का? म्हणजे... कायमच्या?"

"बसवून पाहिलं काकूंना काउंटरमागे. बाबा म्हणाले, बाई, तिथून उठा. ती माझ्या मुलीची जागा आहे."

त्यानं पुढचा रिव्हेट लावला. बेट उचलून आणता येत नाही आणि काउंटर विमानात मावत नाही. तिनं मोजून पाहिलं होतं.

पंधराव्या रविवारी शेवटचा रिव्हेट आला. गन वाजली, थांबली. तिनं बोटानं चाचपला. गोल, सपाट, पुस्तकात असतो तसा.

टक. टक. टक.

बाहेरून त्याचा आवाज आला, "नक्की?"

टक. टक. टक.

त्यानं काढला, नवा बसवला. तोही छान बसला. ती तीनदा वाजवत राहिली.

"हे बघा," तो पत्र्याला तोंड लावून हळूच म्हणाला, "पुन्हा काढला तर भोक मोठं होईल. मग तिथे कोणताच रिव्हेट नीट धरणार नाही."

तिनं रिव्हेटावरून एकदा बोट फिरवलं. मग आतून दोनदा वाजलं.

ती बाहेर आली तेव्हा केसांत पत्र्याचा कीस होता. डोळे पुसायला हात वर केला, तर हातात अजून ठोकळा होता. "तीन इंची होता," ती म्हणाली. "खालच्या खणात. मी खोटं बोलले. तो दिला असता तर ही सगळी रांग तुम्ही एकट्यानं दाबली असती."

डॉक्टरनं दातांच्या औजारांची बॅग उघडली. तळाशी एक खोकं होतं, न उघडलेलं. वर चित्र होतं. तीन इंची जबडा.

"दुसऱ्याच आठवड्यात पोस्टानं मागवला होता," तो म्हणाला.

"म्हणजे पंधरा रविवार मी शेपटीत उगाच गुदमरले?"

"हो."

"लबाड आहात."

"पहिलं खोटं तू बोललीस."

तू! पंधरा रविवारांत पहिल्यांदा. तिला वाटलं, आणखी एक रांग शिल्लक असायला हवी होती. अर्धीसुद्धा चालली असती.

आणि मग ते झालं, जे आपण सुरुवातीला ठरवून विसरलो होतो. त्यानं खुर्चीचा पट्टा आवळला, मग मागे वाकून शेपटीवर बोटानं दोनदा वाजवता येईल का ते पाहिलं. हात पोचत नव्हता. त्यानं काचेवरच वाजवलं. विमान धावलं, उठलं, खिळ्याएवढं झालं.

ती घरी आली. बाबा जागे होते. "बोला ताई, काय दाखवू?"

ती काउंटरमागे गेली.

"अगं, रडतेस काय?" बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक काही बोललं का?"

दुसऱ्या दिवशी, दुकानाच्या शिक्क्यासह, तिनं अर्ज पाठवला:

प्रति, माननीय नोंदणी अधिकारी, विमान नोंदणी कार्यालय.
विषय: आसनसंख्येतील दुरुस्तीबाबत.

महोदय, काल आपल्या नोंदीतील एक विमान बेटाकडे रवाना झाले. त्याच्या शेपटीतील दुसऱ्या रांगेचा प्रत्येक रिव्हेट प्रस्तुत अर्जदाराने आतून धरलेला आहे. विमानास अधिक वजन झेपत नाही याची अर्जदारास जाणीव असून, ती प्रत्यक्ष बसण्याची परवानगी मागत नाही. तरी सदर विमानाच्या नोंदीत आसनसंख्या 'एक' याऐवजी 'दोन' अशी दुरुस्ती करून मिळावी, ही नम्र विनंती.